बेलपाड्याहून भीमाशंकर : आपल्या नदीच्या उगमाला पायी



आपण सारे भीमेच्या पाण्यावर जगणारी माणसे. उजनीचे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या चारीला पोचणार की नाही, हा आपल्या घरातला रोजचा विषय. पण ही भीमा निघते कुठून, ते आपल्यातल्या किती जणांनी पाहिले आहे? एस.टी.ने भीमाशंकराला जाऊन आलेले पुष्कळ आहेत. समुद्राच्या बाजूने, पाऊस ज्या वाटेने वर येतो त्याच वाटेने सह्याद्री चढून तिथे पायी जायचे, अशी कल्पना दिवाळीनंतर आम्हा चौघा सभासदांच्या डोक्यात आली. तोड सुरू व्हायला अजून अवकाश होता. पाच दिवस चाललो. त्याची हकिकत येथे देत आहोत.

पायी चालणे आपल्याला नवे नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आपली माणसे दर आषाढीला चालतात. परदेशातही अशी वारी आहे, फरक एवढाच की तिथे देव नाही, डोंगर आहे. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन डोंगररांगेच्या माथ्यामाथ्याने सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची एक पायवाट आहे. बेंटन मॅके यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती पुरी झाली. १९४८ साली अर्ल शॅफर हे ती एका दमात चालून गेले. आम्हाला मात्र जास्त भावली ती एमा गेटवुड. ही ओहायो राज्यातली शेतकरी बाई, अकरा लेकरांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, साधे कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून ही सगळी वाट एकटी चालली. आमच्यातले थोरले, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “मग आपल्याला काय धाड भरलीय?” आबांचे वय ६६. झाले, ठरले.

बेलपाडा

सुरुवात बेलपाड्यापासून केली, कारण आबांचा पुतण्या तिथे भाड्याच्या खोलीत राहतो. पनवेल तालुक्यातले हे गाव खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, सायन–पनवेल महामार्गाला लागून आहे. आता ते पनवेल महानगरपालिकेत आहे आणि चहूबाजूंनी टोलेजंग इमारती उठल्या आहेत. मधे जुने गावठाण, देऊळ, अरुंद गल्ल्या. जवळच खाडी. म्हणजे समुद्रसपाटीच म्हणा ना.

रात्री घरमालकांशी ओट्यावर गप्पा झाल्या. तेही मूळचे शेतकरी, भाताचे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. घरमालक म्हणाले, “तुम्ही पाण्यासाठी भांडता, आम्ही जमिनीसाठी भांडलो. भांडल्याशिवाय शेतकऱ्याला काही मिळालंय का?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

एक सूचना येथेच करून ठेवतो. गावामागच्या डोंगरात पांडवकडा नावाचा मोठा धबधबा आहे. आपली बरीच पोरे नोकरीनिमित्त या भागात आहेत. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते आणि ती उगाच नाही. लोंढ्यात तरणीताठी मुले वाहून गेलेली आहेत. घरी फोन कराल तेव्हा पोरांना हे जरूर सांगा.

धोदाणीची चूक

पहिल्या दिवशी पनवेलवरून नेऱ्यापर्यंत गेलो. सगळा सडकेचा रस्ता, गाड्यांची वर्दळ, पाय भाजून निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मालडुंग्यावरून धोदाणीला पोचलो. एका अंगाला प्रबळगड, समोर माथेरानचा कडा. गाढी नदी याच डोंगरातून उतरून पनवेलकडे जाते. धोदाणीतून माथेरानच्या सनसेट पॉइंटला वाट चढते. गावकरी म्हणाले, “माणूस देतो बरोबर.” आम्ही म्हटले, “कशाला? पंधरा वाऱ्या केल्यात, वाट कसली दाखवायची!”

हाच आमचा शहाणपणा नडला. वारीत पुढे दिंडी असते, मागे दिंडी असते. डोंगरात पुढे फक्त पाचोळा असतो. तासाभराने वाट दोन ठिकाणी फुटली. आम्ही जास्त मळलेली धरली आणि ती एका कोरड्या ओढ्यात जाऊन संपली. दगड निसटत होते. बाटल्यांतले पाणी संपले. आबांच्या पोटरीत गोळा आला आणि ते खाली बसले. तोंडाने काही बोलेनात, पण चेहरा पांढरा पडला होता. वर कडा, खाली झाडी, फोनला रेंज नाही. त्या अर्ध्या तासात आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहायचे टाळले, कारण घरून निघताना आबांच्या घरच्यांनी त्यांना आमच्या भरवशावर पाठवले होते.

सुदैवाने लाकडाची मोळी घेऊन एक ठाकर बाई वरून उतरत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितले आणि म्हणाल्या, “ही वाट नाय, गुरांची पायवाट हाय.” त्यांनी मोळी खाली टाकली, आपल्या बाटलीतले पाणी आबांना पाजले, पोटरी चोळायला सांगितली आणि मागे नेऊन आम्हाला खऱ्या वाटेवर लावून दिले. पैसे पुढे केले तर घेईनात. शेवटी आबांनी पिशवीतली गुळाची ढेप हातात दिली, ती मात्र हसून घेतली. माथ्यावर पोचायला संध्याकाळ झाली.

माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. मोटारगाड्यांना आत बंदी, त्यामुळे तांबड्या मातीच्या रस्त्यावर बहुतेक घोडे आणि माणसे. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी आपण वर्ष बरे गेले म्हणतो.

पेज नदीवरचा वाद

तिसऱ्या दिवशी नेरळला उतरलो आणि कशेळ्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत पेज नदी लागली. पाणी भरपूर. एका शेतकऱ्याने सांगितले की ही नदी भर उन्हाळ्यातही वाहते. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “हे भिवपुरीच्या वीजघराचं पाणी.”

येथे थोडी माहिती देणे जरूर आहे. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून तिथले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात सोडले आणि त्यावर वीज काढली. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. खोपोलीला लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी येते. भिवपुरीला आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे येते. भिऱ्याला मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचे येते. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. मुळा ही मुठेला मिळून पुढे भीमेलाच येते. म्हणजे हे सारे मूळचे भीमेच्या खोऱ्यातले पाणी. पूर्वेला जायचे ते पश्चिमेला वळवलेले. याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला होता, कारण मावळातली गावे आणि भातजमिनी बुडणार होत्या.

हे ऐकून आबा उसळले. “म्हणजे हे पाणी आमचं! उजनीत यायचं ते इथं वाहतंय!” तो शेतकरी शांत माणूस होता. म्हणाला, “काका, शंभर वर्षं झाली त्याला. त्याच्यावर वीज झाली, गिरण्या चालल्या. आमचा उन्हाळी भात राजनाल्याच्या याच पाण्यावर आहे. पुढं उल्हास नदीवरची शहरं हेच पितात. आता बंद कुणाचं करायचं, बोला.”

आबा पुलाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिले. मग आमच्यातल्या एकाने आठवण करून दिली की खोपोलीचे पाणी पाताळगंगेत उतरते आणि पनवेल परिसरातल्या बऱ्याच घरांना पाताळगंगेचेच पाणी मिळते. आपल्या गावची कितीतरी पोरे त्याच पनवेलात भाड्याने राहतात. नळ सोडला की थोडी भीमाच येते म्हणायची. आबा म्हणाले, “पोरं गेली तिकडं, पाणीबी गेलं.” हसले, पण ते हसणे काही खरे नव्हते.

पश्चिमेला वळवलेले हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्याकडे आणावे अशी मागणी पुष्कळ वर्षांची आहे. ती मांडत राहावीच लागेल. पण पलीकडच्या काठावरही शेतकरीच उभा आहे, हे त्या दिवशी आम्हाला डोळ्यांनी दिसले.

गणेश घाट

चौथ्या दिवशी खांडसला मुक्काम केला. येथून भीमाशंकराला दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची पण अवघड. कड्यावर लोखंडी शिड्या आहेत. गणेश घाटाची वाट लांबची पण सोपी. या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. गावातला वाटाड्या ठरवला, त्याची मजुरी आधी बोलून घेतली, माणशी तीन लिटर पाणी घेतले आणि गणेश घाट धरला. आबांना म्हटले, “तुम्ही जीपने या फिरून.” ते म्हणाले, “जीपने यायचं असतं तर घरूनच आलो असतो.”

गणपतीचे देऊळ गेल्यावर वाट पदरवाडीच्या पठारावर येते. बाजूला पदरगडाचे सुळके. पुढे शेवटचा चढ घनदाट झाडीतला. हे सारे भीमाशंकर अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेले. आपल्या राज्याचा मानाचा प्राणी शेकरू इथलाच. एक झाडावरून उडी मारताना दिसला आणि आबा दुखणे विसरून लहान पोरासारखे वर बघत राहिले. दर वीस पावलांवर थांबत, काठी टेकत, दुपारी तीनच्या सुमारास आम्ही माथ्यावर पोचलो.

देवळाचे शिखर नाना फडणविसांच्या काळातले. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी पोर्तुगीज घंटा येथे आहे. वसई सर झाली १७३९ साली. दर्शन घेतले आणि भीमेचा उगम पाहायला गेलो. दगडांतून झिरपणारे बारीक पाणी. हाताच्या ओंजळीत मावेल एवढे. आबा म्हणाले, “एवढीच?”

एवढीच. तीच पुढे चासकमानला अडते, भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांना पोटात घेते, १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणात ११७ टीएमसी होऊन थांबते, पंढरीला चंद्रभागा होते, आणि एकूण ८६१ किलोमीटर जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते. त्या माथ्यावर उभे राहिले की कळते, पावसाचा थेंब दोन हात अलीकडे पडला तर कोकणात, पलीकडे पडला तर आपल्या उसात.

घरी आल्यावर

परतीचा प्रवास एस.टी.ने मंचरमार्गे केला. गाडीत आबा फारसे बोलले नाहीत. पाटपाण्याने भिजवलेल्या उसाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते आणि ठिबकने त्यात तीस ते पन्नास टक्के बचत होते, हे आपल्या शेतकी खात्याने त्यांना चार वेळा सांगितले होते. दर वेळी त्यांचे उत्तर एकच : “पाट भरून गेल्याशिवाय रान भिजल्यासारखं वाटत नाही.” परवा गट कार्यालयात भेटले तेव्हा ते खोडव्याच्या एका एकराला ठिबक बसवायचा अर्ज लिहून घेत होते. आम्ही काही बोललो नाही. त्यांनीच मान वर करून सांगितले, “एक एकरच करतोय बरं का. बघू.”

ज्यांना ही वाट चालायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. पावसाळ्यात आणि कडक उन्हात जाऊ नये. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. नवे बूट घालून निघू नये, आधी महिनाभर रानात वापरावेत. पाणी भरपूर आणि ओझे कमी ठेवावे. आणि स्थानिक वाटाड्या जरूर घ्यावा. त्याची मजुरी म्हणजे खर्च नव्हे, आपल्या जीवाची हमी आहे.

पुढच्या वर्षी तोड सुरू होण्याआधी पुन्हा जायचा विचार आहे. भगिनींनीही यावे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नावे द्यावीत. पहिले नाव आबांनी आधीच लिहून ठेवले आहे.