खिडकीतला गारवा आणि घरातली लेकरे

पूर्वी चैत्र-वैशाखात घर गार ठेवायचे तर धाब्याची जाड माती, दारावर ओला बारदाना आणि ओसरीवरचा माठ एवढ्यावर भागत असे. आता विदर्भ-मराठवाड्यातील लहान गावांतही पत्र्याचा कूलर घरोघरी दिसतो, आणि कपाशीचे किंवा हळदीचे चार पैसे हाती आले की खिडकीतला एसीही येऊ लागला आहे. यात गैर काही नाही. ४५ अंशांच्या उन्हात टिनाच्या घरात तान्ह्या मुलाला झोपवणे म्हणजे त्याचे हालच करणे होय. परंतु शेतकरी बंधू-भगिनींनो, विहिरीवरच्या मोटारीचे बटण दाबताना पायात चप्पल आहे ना, हात कोरडे आहेत ना हे पाहणारा आपला माणूस घरातल्या कूलरजवळ मात्र निर्धास्त असतो. मोटारीजवळ मूल जात नाही. कूलरजवळ ते दिवसभर खेळते.

कूलरची रचनाच अशी की लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकाच पेटीत नांदतात. पाण्याच्या पंपाचे वेष्टण झिजले, वायरीला पत्र्याची धार लागली किंवा उंदराने वायर कुरतडली, की वीज पेटीच्या अंगावर येते. कूलर नेहमीसारखा फिरत राहतो, वाराही देतो, त्यामुळे बिघाड कोणाच्या ध्यानात येत नाही. खाली सांडलेले पाणी, ओली फरशी किंवा सारवलेली जमीन, आणि त्यावर अनवाणी उभे असलेले मूल. अशा वेळी विजेला जमिनीकडे जाण्याची वाट त्या मुलाच्या अंगातून मिळते.

ही वाट मुलाऐवजी तारेतून मिळावी म्हणून तीन पिनांपैकी मोठी, जाड पिन असते. पण गावात काय दिसते? सॉकेट दोन भोकांचे आहे म्हणून तिसरी पिन कापून टाकलेली, किंवा प्लगच नसून वायरीची टोके काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेली. त्याहून वाईट प्रकार म्हणजे वेगळे अर्थिंग न करता सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनेला जोडून देणे. काही वायरमन हे सर्रास करतात आणि वर ‘अर्थिंग दिली’ असे सांगतात. वादळात खांबापासून घरापर्यंतची न्यूट्रल तुटली, किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर या जोडणीमुळे कूलरची धडधाकट पेटीसुद्धा जिवंत होते. असे अर्थिंग असण्यापेक्षा नसलेले बरे, असे म्हणावेसे वाटते. पण दोन्ही नकोतच.

खरे अर्थिंग जमिनीतच करावे लागते. घराजवळ ओल राहील अशा जागी, न्हाणीचे पाणी जाते तिकडे, अडीच-तीन मीटरचा जस्ताचा पाइप उभा पुरावा, भोवती कोळसा व मीठ भरावे आणि तेथून अखंड तार घरातील बोर्डापर्यंत आणावी. एप्रिल-मे महिन्यात जमीन सुकते तेव्हा आठवड्यातून एकदोनदा त्यावर बादलीभर पाणी ओतावे. याच्या जोडीला मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवून घ्यावे. वीज अंगातून किंवा पेटीतून जमिनीकडे झिरपू लागताच हे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते वारंवार पडते म्हणून थेट जोडणी करून घेणारे महाभाग आहेत. ते पडते याचा अर्थ घरात कोठेतरी गळती आहे, ती शोधावी.

कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. हे काम मुलांना सांगू नये. बहुतेक घरांत दुपारी आई शेतात असते आणि आठ-दहा वर्षांची पोर घागर घेऊन कूलर भरते. भरायचाच असेल तर सकाळी घर सोडण्यापूर्वी मोठ्या माणसाने भरावा. (आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासली तर डेंग्यूच्या डासांचीही पैदास होत नाही.)

आता खिडकीतल्या एसीविषयी. दीड टनाच्या यंत्राचे वजन पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे धान्याच्या अर्ध्या क्विंटलच्या पोत्याएवढे, आणि त्यात भर म्हणजे ते सतत थरथरते. मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या भिंतीतील जुन्या लाकडी चौकटीवर ते ठेवू नये. पक्क्या भिंतीत बोल्टने आवळलेल्या लोखंडी अँगलचा आधार बाहेरून द्यावा आणि पाणी बाहेर पडावे म्हणून मागची बाजू किंचित उतरती ठेवावी. बाहेरचा भाग ओट्यावर येत असेल तर त्याखाली मुले खेळणार नाहीत अशी खिडकी निवडावी. मागचे पातळ पत्रे ब्लेडसारखे धारदार असतात, तेथे जाळी हवी. मात्र हवा कोंडेल असा बारदाना किंवा कडब्याची गंजी तेथे नसावी.

यंत्र बसवताना खिडकीचे गज कापले जातात आणि वर किंवा बाजूला हातभर फट राहते. तेथे पुठ्ठा लावून काम उरकू नये. त्यातून साप-विंचू तर येतातच, पण लहान मूलही खाटेवर चढून तेथवर पोहोचते. फट प्लायवूडने बंद करून बाहेरून गज परत जोडावेत, आणि खाट, पेटी, शिलाई मशीन यांपैकी काहीही खिडकीखाली ठेवू नये. यंत्राला बोर्डापासून स्वतंत्र तार असावी: तांब्याची, निदान अडीच आणि अंतर जास्त असल्यास चार चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या सॉकेटसह. आकड्यावर किंवा एक्स्टेंशनच्या पट्टीवर एसी चालवणे म्हणजे घरात ठिणगी पोसणे होय.

कृषी खात्यातील माणूस म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बंद खोलीची. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा फारशी घेत नाही. त्या खोलीत शेगडी पेटवू नये. आणि धान्याच्या कोठीत टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना गावात सेल्फॉस म्हणतात, त्या राहत्या घरात मुळीच वापरू नयेत. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतील ओलाव्याने सुमारे एक ग्रॅम विषारी फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. हा वायू फटींतून शेजारच्या खोलीत जातो. कोठीकडून हवा ओढणारा कूलर तर तो थेट अंथरुणावर आणून सोडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूर येथे उंदरांचे औषध ठेवलेल्या घरात एसी लावून झोपलेल्या कुटुंबातील दोन लहान मुले दगावली. धान्य नीट वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, हवाबंद कोठीत ठेवले तर घरापुरत्या धान्याला या गोळ्यांची गरज सहसा पडत नाही.

रात्री घरात लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, मुलाला अचानक उलट्या सुरू झाल्या, छातीत दाटले, तर ‘काही बाधले असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. सर्वांना उघड्यावर आणावे, १०८ वर फोन करावा आणि डॉक्टरांना गोळ्यांची डबी दाखवावी.

विजेचा धक्का बसलेल्या मुलाला मात्र हाताने ओढू नये. आधी मेन स्विच पाडावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करावी. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाबत राहावे, अधूनमधून तोंडाने श्वास द्यावा, आणि दुसऱ्याने १०८ ला बोलवावे. धक्का लागलेल्याला मातीत किंवा शेणात पुरून ठेवण्याची रीत अजून काही गावांत आहे. त्यात जी पाच-दहा मिनिटे जातात, तेवढ्याच वेळात त्या मुलाचे हृदय परत सुरू करता आले असते.