रद्दीत चाललेली मंगलाष्टके

मराठी कवितेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी काव्यसंग्रह वाचले, नियतकालिकांच्या फायली चाळल्या, मठामंदिरांतील बाडे धुंडाळली. लग्नमंडपात अक्षतांबरोबर हाती पडणाऱ्या सुट्या कागदाकडे मात्र त्यांचे क्वचितच लक्ष गेले. त्या गुलाबी किंवा पिवळ्या कागदावर वधूवरांची नावे गुंफलेली मंगलाष्टके छापलेली असत. खाली रचना करणाऱ्याचे नाव, विवाहाची तिथी आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव. अक्षता पडल्या की कागदाचे काम संपे. काही प्रती मांडवातच तुडवल्या जात आणि एखादी कुणीतरी घडी घालून पेटीत ठेवी.

नाशिकमध्ये मुंबई–आग्रा महामार्गालगत वसलेल्या इंदिरानगरसारख्या उपनगरांत जुन्या गावातले वाडे सोडून आलेली कुटुंबे आहेत. वाड्याच्या माळ्यावरची ट्रंक त्यांच्याबरोबर सदनिकेत येते. पण सदनिकेला माळा नसतो. दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंक उघडली जाते, भांडी आणि शालू बाजूला निघतात आणि कागदांचा गठ्ठा रद्दीच्या तराजूत पडतो. घरातील कोणाची त्यात दुष्ट बुद्धी नसते. या कागदाला किंमत आहे असे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नसते.

ही अनास्था केवळ घरांपुरती नाही. 1867 च्या छापखानाविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव घालणे बंधनकारक केले होते; 2023 च्या नव्या कायद्याने आता त्याची जागा घेतली आहे. ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा 1954 चा कायदा मात्र मुख्यतः पुस्तकांपुरता आहे. त्यातील ‘पुस्तक’ या शब्दाच्या व्याख्येत पुस्तिका येते, नकाशा येतो, संगीताचा सुटा कागदही येतो. सुट्या कवितेचा स्पष्ट उल्लेख मात्र नाही. साहजिकच ग्रंथपालाच्या नोंदवहीत या कागदाला रकाना मिळाला नाही.

याच नाशिकच्या इतिहासात याच्या नेमके उलट एक उदाहरण सापडते. एका छोट्या काव्यपुस्तिकेच्या प्रकाशनाबद्दल 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सरकारला त्या कविता नाहीशा करायच्या होत्या. पण खटला उभा राहिल्यामुळे त्यांची चर्चा मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात कायमची नोंदली गेली. पुढे देशभर जप्त झालेली असंख्य पत्रके आणि गीतांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपले गेले. राज्यकर्त्यांनी ज्या कवितेची धास्ती घेतली तिला कपाट मिळाले, आणि घराघरांनी जिच्यावर माया केली ती वाऱ्यावर गेली, असा हा विचित्र न्याय आहे.

या अष्टकांत काव्य ते कितीसे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. आडनाव वृत्तात बसवताना ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होते. उपमाही त्याच त्या, लक्ष्मीनारायणाच्या आणि सीतारामाच्या. परंतु संग्रहालय म्हणजे पारितोषिक समिती नव्हे. चरणाला एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, असे शार्दूलविक्रीडित शाळेपलीकडे न शिकलेल्या स्त्रियाही केवळ कानाच्या आधारे रचू शकत होत्या, याचा पुरावा या कागदांवाचून कुठे मिळणार? वधूच्या मावशीने किंवा आत्याने रचलेल्या अष्टकाखाली तिचे नाव छापले जाई. अशा कित्येकींच्या आयुष्यात आपले नाव कवयित्री म्हणून छापलेले पाहण्याचा तो एकमेव प्रसंग असे. तो कागद गेला की ती कवयित्री होती हेही गेले.

सतराव्या शतकात सॅम्युअल पेपिस या लंडनच्या नौदल अधिकाऱ्याने रस्त्यावर विकले जाणारे पोवाडेवजा गीतांचे सुटे कागद जमवले. असे सतराशेहून अधिक कागद आज केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आहेत आणि त्या काळच्या सामान्य लोकजीवनाच्या अभ्यासकांना त्यांचाच आधार घ्यावा लागतो. पेपिसने त्यांतले श्रेष्ठ काव्य तेवढे निवडले असते, तर हे साधन उरले नसते.

आपल्याकडील काम फार खर्चाचे नाही. हलक्या लगद्याच्या कागदात आम्ल असते; तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून घडी उलगडून तो सपाट ठेवावा, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे आवरण त्यावर कायमचे डकवू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवून त्याचे छायाचित्र काढून घ्यावे. 1840 पासून वाचनसंस्कृती जोपासणाऱ्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी यासाठी एक कपाट राखले आणि इंदिरानगरातील ज्येष्ठ नागरिकांनी आपल्या ट्रंका एकदा त्या दृष्टीने उघडल्या, तरी मोठा आरंभ होईल.

मात्र एक काम उद्यावर टाकण्यासारखे नाही. अनेक अष्टकांखाली पूर्ण नाव नसते. ‘तुझी आत्या’ किंवा ‘माई’ एवढेच असते. ही माई कोण, सासरी कोणत्या गावी गेली, आणखी काही लिहीत होती काय, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. कागद नीट जपला तर आणखी काही वर्षे टिकेल. ही माणसे तितकी थांबणार नाहीत. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने ते नाव लिहून ठेवणे, हे या संग्रहाचे पहिले काम आहे.