तोरणात दडलेले गणित

दसऱ्याच्या सकाळी आपण तोरण ओवायला बसतो. चार वर्षांचे मूल झेंडूच्या फुलांत हात घालते. ‘मध्ये मध्ये करू नकोस’ असे म्हणून आपण त्याला दूर करतो आणि संध्याकाळी त्यालाच पाहुण्यांसमोर शंभरपर्यंतचे अंक म्हणायला लावतो. खरे गणित मात्र सकाळीच हातातून निसटलेले असते.

फूल, फूल, पान. फूल, फूल, पान. ठरावीक क्रमाचा एक गट पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा आकृतिबंध तयार होतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या बेथनी रिटल-जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या गणिताचा चार ते अकरा या वयोगटात मागोवा घेतला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील गणिती प्रगतीशी ज्या शालापूर्व कौशल्यांचा संबंध दिसला, त्यांत आकृतिबंधाची समज हे एक होते. एवढ्यावरून तोरण ओवले की गुण वाढतात, असे समजू नये. परंतु या खेळाला क्षुल्लकही मानू नये.

आपण मुलांना बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘पुढे काय येईल?’ फूल-पान, फूल-पान अशा रचनेत शेवटी फूल दिसले की पान ठेवायचे, एवढ्या युक्तीने मूल बरोबर उत्तर देते. संपूर्ण गट त्याच्या लक्षात आलेला असतोच असे नाही. म्हणून दुसरा प्रश्न अधिक मोलाचा : ‘यात पुन्हा पुन्हा काय येते आहे?’

सुरुवात ताटात करावी. सुई आपल्याच हाती ठेवावी. फूल, फूल, पान हा गट किमान तीन वेळा मांडावा, कारण एकदाच मांडलेल्या गटात पुनरावृत्ती दिसत नाही. प्रथम मुलाला शेजारी तशीच रांग मांडू द्यावी, मग ती पुढे वाढवायला सांगावे. ते जमले की मधल्या एका फुलावर तळहात ठेवून खाली काय दडले आहे, हे विचारावे. त्यानंतर तीच रचना आवाजात आणावी : टाळी, टाळी, मांडीवर थाप. फुले आणि टाळ्या वेगळ्या असूनही क्रम एकच आहे, हे उमगणे ही मोठी पायरी आहे. अखेरीस विचारावे, ‘एक गट संपला की दोऱ्याला गाठ मारायची आहे. कुठे मारू?’ पानानंतर बोट ठेवणाऱ्या मुलाला गट दिसला आहे.

ही दृष्टी पुढे उपयोगी पडते. तीन वस्तूंचा गट चार वेळा आला की बारा वस्तू होतात. तीनचा पाढा यातूनच उभा राहतो. ‘एकवीस, एकतीस, एक्केचाळीस’ ही नावे पाठ करावी लागतात, पण २१, ३१, ४१ असे लिहिले की एककाच्या घरातील पुनरावृत्ती डोळ्यांना दिसते. ती न दिसलेल्या मुलाला प्रत्येक संख्या नवे ओझे वाटते. गणिताची भीती अशा ओझ्यातूनही वाढू शकते.

चूक झाली तर लगेच दुरुस्त करू नका. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून मोठ्याने म्हणायला सांगा. पुष्कळदा मुलाचा कानच अडखळलेली जागा पकडतो. दहा मिनिटे पुरेत. कंटाळा दिसताच थांबा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी किंवा बिया देऊ नका. त्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी वाट्या आणि चमचे उत्तम.

आणि मुलाने मांडलेले तोरण जरा वेडेवाकडे झाले, तरी तेच दारावर लावा. येता-जाता ते त्याकडे पाहील आणि कदाचित आपण न विचारताच म्हणेल, ‘आई, इथे एक फूल राहिलं!’