वेगाआधी ब्रेक
जुनी मोटार शर्यतीच्या मार्गावर न्यावयाची म्हणजे प्रथम इंजिनाची ताकद वाढवावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. आम्ही म्हणतो, आधी ब्रेक पाहावेत. कुर्ल्याला बनलेल्या १०८९ सी.सी.च्या फियाट मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत धावल्या. पण मूळ गाडीचे चारही ब्रेक ड्रमचे. वेग दुप्पट झाला की थांबताना उष्णता चौपट होते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. असे जुने ऑइल तापले की त्यात वाफ धरते. मग दाब वाफेतच जिरतो आणि पेडल नुसतेच खाली जाते. कात्रजचा घाट उतरून मार्केट यार्डात माल आणणारा ट्रकचालक खालचा गिअर धरतो, त्याचे मर्म हेच. तेव्हा ऑइल, रबरी नळ्या व लायनर आधी बदलावेत. ताकदीचा विचार मागाहून.