पथ्य आणि अतिरेक

सुधारणेच्या कोणत्याही विचारावर दोन संकटे येतात. प्रारंभी समाज त्याची उपेक्षा करतो आणि पुढे त्याचेच अनुयायी त्याचा अतिरेक करतात. पहिले संकट काळ दूर करतो. दुसरे मात्र भक्तीच्या वेषात येत असल्याने ओळखूही येत नाही. ख्रिस्ती धर्मातील सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या आरोग्यविषयक शिकवणुकीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पुण्यातील स्पायसर या शिक्षणसंस्थेमुळे हा पंथ महाराष्ट्राला सर्वस्वी अपरिचितही नाही.

१८६३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात या पंथाची रीतसर स्थापना झाली आणि त्याच वर्षी त्याच्या एक संस्थापिका एलन व्हाइट यांनी आरोग्यसुधारणेचा आग्रह धरला. पारायुक्त औषधे आणि अफू यांचा सर्रास वापर करणारे वैद्यक त्या काळी प्रतिष्ठित होते. त्या पार्श्वभूमीवर व्हाइट यांनी १९०५ च्या आपल्या ग्रंथात आठ उपाय सांगितले: शुद्ध हवा, सूर्यप्रकाश, संयम, विश्रांती, व्यायाम, योग्य आहार, पाणी आणि ईश्वरावरील श्रद्धा. या आठांत आहार हा केवळ एक आहे. अतिरेकाचा जन्म नेमका येथे होतो. एकच उपाय उरलेल्या सातांना गिळून टाकतो आणि आरोग्य म्हणजे काय खावे व काय खाऊ नये याची यादी, अशी समजूत रूढ होते.

संयमाची व्हाइट यांची व्याख्या द्विदल होती. जे अपायकारक आहे ते पूर्णपणे टाकावे आणि जे हितकर आहे त्याचा विवेकाने उपयोग करावा. अतिरेकी अनुयायी व्याख्येचा पूर्वार्ध तेवढा उचलतो आणि तोच उत्तरार्धालाही लावतो. तंबाखू सोडली, मद्य सोडले, मांस सोडले. मग दूध का नको, लोणी का नको, असा त्याचा प्रश्न असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम परिचित असतो. त्यागालाही तो लागू पडतो. पहिल्या त्यागाचा लाभ मोठा, पुढच्याचा कमी, आणि एका मर्यादेपलीकडे लाभाच्या जागी हानी सुरू होते.

या हानीचे उदाहरण पंथाच्याच इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियात काम करणारे पंथाचे डॉक्टर डॅनिएल क्रेस यांनी आहारातील निर्बंध इतके कठोर केले की रक्तक्षयाने ते मरणाच्या दारी पोहोचले. १९०१ साली व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहून निरोगी कोंबड्यांची अंडी घेण्याचा सल्ला दिला आणि टोकाला न जाण्याविषयी बजावले. क्रेस यांनी तो मानला आणि पुढे ते नव्वदी ओलांडेपर्यंत जगले. ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९४८ साली. १९०१ मध्ये शास्त्राचा तो आधार नव्हता. समोरच्या माणसाच्या प्रकृतीकडे पाहण्याची तयारी मात्र होती. पथ्य सांगणाऱ्याच्या अंगी हीच तयारी प्रथम असावी लागते.

व्हाइट यांच्या आचरणातही ही सावधगिरी दिसते. आरोग्यसुधारणेचा पुरस्कार केल्यानंतर तीस वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यांनी मांस कायमचे सोडले. तोवर प्रसंगपरत्वे त्या ते घेत असत. जेथे फळे, धान्ये व दूध दुर्मिळ आहे तेथील गरिबांवर शाकाहाराची सक्ती करू नये, असेही त्यांचे मत होते. मांसत्याग ही पंथाच्या सदस्यत्वाची कसोटी त्यांनी कधीच मानली नाही. सधन माणसाचे पथ्य निर्धनाच्या माथी मारण्यात धर्म नाही, हे त्यांनी जाणले होते.

याचा अर्थ कठोरपणा सर्वत्र त्याज्य, असा नव्हे. तंबाखूच्या बाबतीत पंथाने तडजोड केली नाही, आणि अमेरिकी शासनाच्या आरोग्यप्रमुखांचा धूम्रपानविरोधी अहवाल येण्यास १९६४ साल उजाडावे लागले. शंभर वर्षे आधी घेतलेल्या त्या ठाम भूमिकेचे फळ पुढे दिसले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कॅलिफोर्नियातील ॲडव्हेंटिस्ट पुरुष इतरांपेक्षा सुमारे ७.३ वर्षे आणि स्त्रिया ४.४ वर्षे अधिक जगतात. येथे श्रेय एकट्या आहाराला देता येणार नाही. निर्व्यसनीपणा, व्यायाम आणि साप्ताहिक विश्रांतीही हिशेबात धरली पाहिजे. शिवाय २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ७३ हजार ॲडव्हेंटिस्टांच्या पाहणीत शाकाहारी गटांचा एकत्रित मृत्युदर मांसाहाऱ्यांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळला. पण त्यात अधूनमधून मासे खाणाऱ्यांचाही समावेश होता आणि ते पूर्ण निरामिष आहार घेणाऱ्यांच्या मागे नव्हते. जो जितका कडक तो तितका दीर्घायुषी, असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही.

विष आणि अन्न यांतील भेद विसरला की तत्त्व आंधळे होते. विषाबाबत तडजोड नको. अन्नाबाबत वय, प्रकृती, हवामान आणि खिसा पाहूनच निर्णय हवा. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यावरून त्याची धार्मिकता मोजणारा माणस आरोग्याची सेवा करीत नाही. तो केवळ आपल्या अहंकाराचे पोषण करतो. ॲडव्हेंटिस्टांचा हा अनुभव त्यांच्यापुरता मर्यादित नाही. उपास, सोवळे आणि पथ्य यांची परंपरा असलेल्या आपल्या समाजानेही, जे साधन शरीराच्या रक्षणासाठी स्वीकारले त्याच्याच रक्षणासाठी आपण शरीर खर्ची घालीत नाही ना, हे अधूनमधून तपासून पाहावे.