उताणे खेकडे, उपाशी पाखरं

मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागराच्या काठावर हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला येतात. लाटांच्या तडाख्यात त्यांतले कित्येक उताणे पडतात. शेपटीचा टेकू देऊन सरळ होता आलं तर बरं. नाहीतर ओहोटी लागते, ऊन चढतं आणि कुरव त्यांचे कल्ले टोचू लागतात. म्हणून कपाळाला दिवा बांधून स्वयंसेवक रात्री किनाऱ्यावर फिरतात. उताणा जीव दिसला की वाकायचं, कवचाची कड धरून त्याला पालथा करायचा, पुढे निघायचं. शेपटीला धरायचं नाही. तिला इजा झाली तर पुन्हा सरळ होण्याचं साधनच गेलं. दगडांच्या फटींत अडकलेले हलक्या हातानं सोडवायचे. न्यू जर्सीत २०१३ पासून 'रिटर्न द फेव्हर' या नावानं हे काम चालतं.

यात एका पक्ष्याचाही जीव गुंतलेला आहे. रेड नॉट हा साधारण मैनेएवढा किनारपक्षी. त्याचे काही थवे दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या तिएरा देल फ्युएगोहून निघून विणीसाठी कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये जातात. वाटेत इथे उतरतात तेव्हा अंगावरची चरबी संपलेली असते. लांबच्या उड्डाणासाठी पेषणीही आक्रसलेली, त्यामुळे कवचासकट शिंपले पचवणं जड जातं. हॉर्सशू क्रॅबची मऊ, हिरवट अंडी मात्र लगेच अंगी लागतात. दोनेक आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करून पाखरं पुढे उडतात.

खरी मेख पुढे आहे. मादी अंड्यांचे पुंजके वाळूत वीतभर खोल पुरते. नॉटची आखूड चोच तिथवर पोचत नाही. मागून आलेल्या माद्या खणताना आधीचे पुंजके उकरले जातात, तेव्हा वर येतील ती अंडी पाखरांची. म्हणजे किनारा गजबजलेलाच हवा. क्रॅबची जात टिकण्यापुरते क्रॅब असणं वेगळं आणि पाखरांची पोटं भरतील इतके असणं वेगळं. हा फरक ध्यानात यायला फार उशीर झाला, असं मला वाटतं. १९९० च्या दशकात ईल आणि शंख पकडण्यासाठी आमिष म्हणून हे जीव लाखांनी उचलले गेले. मादी वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात, त्यामुळे ते नुकसान लवकर भरून येणारं नव्हतं. १९८० च्या दशकात उपसागरावर सुमारे ९० हजार नॉट मोजले गेले होते. २०२१ मध्ये ७ हजारही भरले नाहीत. नंतर आकडा थोडा सावरला, पण जुन्या संख्येच्या जवळपासही नाही.

न्यू जर्सीनं २००८ मध्ये हॉर्सशू क्रॅब पकडण्यावर बंदी घातली आणि २०१४ च्या अखेरीस इथे उतरणाऱ्या नॉटच्या उपजातीला अमेरिकेत कायद्याचं संरक्षण मिळालं. अशा निर्णयांना आकडे लागतात, आणि आकडे गोळा करायला माणसं लागतात. भरतीच्या रात्री स्वयंसेवक एक चौरस मीटरची चौकट वाळूवर टेकवतात, आतले क्रॅबचे नर-माद्या मोजतात, ठरलेलं अंतर चालून पुन्हा टेकवतात. दिवसा दुर्बिणीतून पाखरांच्या पायांतल्या रंगीत पट्ट्यांवरची अक्षरं वाचली जातात. 'बी ९५' हा नॉट अशाच पट्टीमुळे ओळखला गेला. १९९५ मध्ये अर्जेंटिनात त्याला कडं घातलं होतं आणि २०१४ पर्यंत तो दिसत राहिला. तोवर त्यानं पृथ्वी-चंद्र अंतरापेक्षा जास्त उड्डाण केलं असावं.

सर्वांत चिकाटीचं काम मला किनाऱ्याच्या तोंडाशी उभं राहणाऱ्यांचं वाटतं. मेच्या सुरुवातीपासून ७ जूनपर्यंत न्यू जर्सीतले अनेक किनारे बंद असतात. कुत्रा घेऊन आलेल्याला तिथे थांबवायचं, दुर्बीण हातात द्यायची, थवा एकदा उठला की चरण्याचा किती वेळ वाया जातो ते समजावायचं. रोज नवी माणसं येतात आणि रोज तेच बोलावं लागतं.

एवढ्यानं भागत नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक आहे. मासेमारीचे कोटे बैठकीच्या टेबलावर ठरतात. डेलावेअर उपसागरातल्या क्रॅबच्या माद्या पकडणं २०१३ पासून थांबलं होतं. कोटा ठरवण्याच्या नव्या गणितामुळे ते पुन्हा सुरू होण्याची वाट मोकळी होत होती. २०२२ मध्ये हजारो लोकांनी त्यावर हरकती पाठवल्या. नोव्हेंबरात अटलांटिक किनाऱ्याच्या मत्स्य आयोगानं नवं गणित स्वीकारलं, पण पुढच्या हंगामासाठी माद्यांचा कोटा शून्यच ठेवला.