उमेदवाराची भूमिका धंद्याच्या तराजूत कशी तोलावी?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मुंबई, मालेगाव, भिवंडी अशा अनेक शहरांत २०२२ पासून लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते, सारा कारभार प्रशासकांच्या हाती होता. निवडणूक आली आणि उमेदवारांची पत्रके दुकानादुकानांत पोहोचली. निवडणूक संपली की ही पत्रके रद्दीत जातात. आमचे सांगणे याच्या उलट आहे. ती जपून ठेवा, कारण त्यांचा खरा उपयोग आता सुरू होतो.

मात्र पत्रक वाचताना एक गोष्ट आधी पाहावी लागते. उमेदवाराने जे कबूल केले, ते महापालिकेच्या अधिकारात आहे काय? अधिकारातले नसेल, तर पाच वर्षांनी त्याला जाब विचारताच येत नाही. 'वरून झाले नाही' एवढे एक उत्तर त्याला पुरते.

जे नगरसेवकाच्या हातात नाही

यंत्रमागवाल्यांना सर्वांत जास्त ऐकवले जाणारे आश्वासन म्हणजे स्वस्त वीज. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि सवलत राज्य सरकार देते. भिवंडीत २००७ पासून व मालेगावात २०२० पासून वीजवाटपाचे काम खासगी कंपन्यांकडे आहे. यात महापालिकेच्या सभागृहाला दर कमी करण्याचा अधिकार नाही.

दुसरे आश्वासन मालावरील कराचे. जकात व नंतरचा एलबीटी हे महापालिकेचे कर होते. ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी १ ऑगस्ट २०१५ पासून गेला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर संपली. जीएसटीचे दर ठरवण्यात नगरसेवकाला स्थान नाही.

तिसरे, गोवंश हत्याबंदी. २०१५ पासून बैलांनाही लागू झालेला हा राज्याचा कायदा आहे. त्यात बदल करण्याचे वचन देणारा नगरसेवकपदाचा उमेदवार आमच्या कुरेशी बांधवांच्या दुःखावर मते मागतो, एवढेच म्हणावे लागेल.

जे हातात आहे

आता धंद्याशी थेट संबंध असलेल्या आणि सभागृहाच्या अधिकारात येणाऱ्या गोष्टी पाहू.

परवाना शुल्क : मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. इतर शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्यानुसार कारखाने व ठरावीक व्यवसायांना महापालिकेची परवानगी लागते. परवाना आयुक्त देतात, परंतु त्याचे शुल्क किती असावे यास महापालिकेची, म्हणजे सभागृहाची, मंजुरी लागते. म्हणून 'परवान्याचा त्रास दूर करू' हे वाक्य पुरेसे नाही. शुल्कवाढीचा प्रस्ताव आला तर हात वर करणार की विरोध नोंदवणार, हे विचारावे.

मालमत्ता कर : पुढील आर्थिक वर्षाचे कराचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, अशी कायद्यात तरतूद आहे. दुकान, कारखाना व राहते घर यांच्या करात बराच फरक असतो. ज्याच्या घरातच दोन-चार माग चालतात किंवा शिलाईचे काम चालते, त्याची आकारणी कशी व्हावी, हा आमच्या वस्त्यांतला रोजचा प्रश्न आहे. उमेदवाराची भूमिका येथे कळते. त्यासाठी दर वर्षी जानेवारीतच नगरसेवकाला गाठले पाहिजे. बिल हातात पडल्यावर रागावून उपयोग नाही.

फेरीवाले : पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे देईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. माल जप्त केला तर त्याची यादी दिलीच पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशी आणि इतर माल दोन कामकाजी दिवसांत, ठरलेले शुल्क घेऊन, परत करायचा आहे. समितीचे अध्यक्ष आयुक्त असतात, नगरसेवक नसतो. तरीही आपल्या शहरात सर्वेक्षण झाले काय, समितीची बैठक शेवटची केव्हा झाली, हे सभागृहात विचारणे त्याचेच काम आहे. हातगाडीवाल्याला एका फोनवर सोडवून आणणारा नगरसेवक लोकप्रिय होतो. प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या नगरसेवकामुळे मात्र फोन करण्याची वेळच येत नाही.

रस्ता रुंदीकरण : जुन्या बाजारपेठांत दुकानाचे पाच-सात फूट गेले की दुकानच संपते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना ठरावीक मुदतीत लेखी हरकत घेता येते. मुदत टळली की दार बंद होते. आराखडा प्रसिद्ध होताच बाजारात नकाशा लावीन, भाडेकरू दुकानदारांच्याही हरकती लिहून घेईन, असे सांगणारा उमेदवार मिळाला तर ती कामाची भूमिका समजावी.

मांसविक्री : ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली, नागपूर, मालेगाव यांसह काही महापालिकांनी १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. त्या वेळी तेथे सभागृह नव्हते, त्यामुळे प्रश्न विचारणारेही कोणी नव्हते. आता सभागृह आहे. कत्तलखान्याची स्वच्छता, पाणी, मटण मार्केटची दुरुस्ती आणि असे आदेश, या सर्वांवर नगरसेवकाचे मत नोंदले गेले पाहिजे.

चार नगरसेवक, एक उत्तर

मुंबई वगळता इतर शहरांत एका प्रभागातून बहुधा चार नगरसेवक निवडले गेले आहेत. यात एक अडचण आहे. गटाराचे काम अडले की पहिला दुसऱ्याचे नाव सांगतो आणि दुसरा तिसऱ्याचे. बाजारपेठेतील संघटनांनी यावर एक साधा उपाय करावा. चौघांनाही एकच लेखी निवेदन द्यावे, पोच घ्यावी आणि चौघांना एकाच बैठकीला बोलवावे. महासभेत कोण काय बोलले याचा इतिवृत्तान्त माहितीच्या अधिकारात मागता येतो. पत्रक एका हातात व इतिवृत्तान्त दुसऱ्या हातात ठेवला की माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट. महापालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भागीदारी असणारा माणूस कायद्याने नगरसेवक राहू शकत नाही. मोहल्ल्यातील रस्त्याचा ठेका कोणाच्या नावावर आहे आणि काम कोणाचे चालते, हे आपल्याला पुष्कळदा माहीत असते. 'आपलाच माणूस आहे' म्हणून आपण गप्प बसतो. तो रस्ता पहिल्या पावसात उखडतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारात जाते. तो तोटा ठेकेदाराचा नसतो, आपला असतो.

व्यापारी माल घेताना वजन करतो, कापड घेताना पन्हा मोजतो, उधारी देताना माणूस पाहतो. मत देताना मात्र बिरादरी, गल्ली आणि रात्रीची दावत एवढ्यावरच हिशेब मिटतो. मत ही अमानत आहे. ती दिल्यावरही तिचा हिशेब मागण्याचा हक्क आणि जबाबदारी आपल्याकडेच राहते.

तेव्हा बांधवांनो, घरातली पत्रके शोधा. वीज, जीएसटी आणि राज्याच्या कायद्यांवरील ओळींवर रेघ मारा. जे उरेल त्याची यादी करून आपापल्या नगरसेवकांकडे न्या आणि विचारा की पुढच्या महासभेत यातले काय मांडणार? पत्रकात काहीच उरले नाही, तर तेही या निमित्ताने कळेल आणि पुढच्या निवडणुकीत उपयोगी पडेल, इन्शाअल्लाह.